चालून दाखव

कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत धोंडबा मेश्रामांचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. त्या क्वार्टरमध्ये पाहुण्यांना कुठं बसवायचं, हे त्यांच्या बायकोनं, जयवंताबाईनं, पक्कं ठरवून टाकलेलं होतं. सतरंजी घालायची ती मधल्या दाराला अगदी लागून. एखादा पाहुणा म्हणालाच, की आम्ही खिडकीपाशी बसतो, जरा वारा लागेल, तर जयवंताबाई लगेच म्हणायची, "तिकडं नोको बाप्पा, तिकून राख येते चिमणीची. इकडंच बसा." राख यायची हे काही खोटं नव्हतं. पेरूच्या पानांवर, वाळत घातलेल्या पापडांवर, सगळीकडे ती बसलेली असायची. पण सतरंजी दाराशी घालायचं कारण ते नव्हतं.

कारण होतं प्रेमिला, त्यांची एकुलती एक मुलगी. धरून धरून उभी राहायला लागली होती, तेव्हा तिला ताप भरला. ताप गेला, पण जाताना डाव्या पायातला जीव घेऊन गेला. त्या काळी असं कितीतरी घरांत होत होतं, आणि डॉक्टर 'पोलिओ' एवढं सांगून मोकळे होत होते. मांडीपासून खाली तो पाय बारीकच राहिला. गुडघ्यात जोर नाही. हातानं मांडी मागं दाबून धरली तर गुडघा टिकायचा, हात काढला की घडी पडायची. शाळेत असताना एका सरकारी शिबिरात तिला कॅलिपर मिळालं होतं, म्हणजे बुटाला जोडलेल्या दोन लोखंडी पट्ट्या, मांडीपर्यंत चामड्यानं आवळलेल्या. ते घालून पोरगी खडखड करत शाळेत गेली, मॅट्रिक झाली, आणि मग घरात लग्नाचा विषय निघाला.

विषय काढला धोंडबाच्या थोरल्या बहिणीनं. सुभद्राबाई सावनेरला राहायची, आणि साऱ्या भावकीची लग्नं आपल्यावाचून अडून बसतात असं तिला वाटायचं. खरं सांगायचं तर बसायचीच. ती म्हणाली, "जयवंता, लोखंड लावलेली पोरगी कोण करन वं? ते काढ आधी." जयवंताबाईनं कॅलिपर काढून माळ्यावर टाकलं आणि पोरीला चालायला शिकवायला घेतलं.

आता जिला इतकी वर्षं चालता येत होतं, तिला आणखी काय शिकवायचं, असं तुम्ही म्हणाल. पण हे चालणं वेगळं होतं. साडी नेसवायची ती घोट्याच्या खाली, जमिनीला टेकणारी. निऱ्या नेहमीपेक्षा दाट. डावा हात त्या निऱ्यांत घालायचा. बघणाऱ्याला वाटावं, पोरगी लाजून निऱ्या सावरून राहिली, आणि आतून त्याच हातानं मांडी मागं रेटायची. पाय आखूड, म्हणून चपलेत जाड नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा, तुकडा. कमरेला हिसका द्यायचा नाही. श्वास धरून ठेवायचा. पोह्यांच्या बशा आत्यानं आणायच्या, कारण पोरीचे हात मोकळे हवेत. मधल्या दारापासून सतरंजीपर्यंत पाच-सहा पावलं, तेवढीच काय ती टाकायची. दारामागून जयवंताबाईचा आवाज यायचा, अगदी हळू, "सरळ."

पाहायला आलेल्यांतली एखादी म्हातारी हमखास म्हणायची, "जरा चालून दाखव बरं, बाई." प्रेमिला चालून दाखवायची. आत गेली की भिंतीला पाठ लावून खाली बसायची. पोलकं घामानं भिजलेलं असायचं. जयवंताबाई तिचा पाय मांडीवर घेऊन तेल चोळायची. बाहेर पोहे चांगले झाले म्हणून कौतुक चाललेलं असायचं.

असं करता करता पोरगी तेविशीला आली. स्थळं आली तशी गेलीही. कोणाला तरी, कुठून तरी कळायचंच. कॉलनीच ती, एका घरच्या फोडणीनं दुसऱ्या घरी ठसका लागायचा. शेवटी सत्त्याऐंशी साली सुभद्राबाईनं सावनेरचं एक स्थळ आणलं. मुलगा कोळशाच्या खाणीत कारकून, सरळमार्गी, ना पान ना विडी. त्यांना सांगितलं, की लहानपणी पाय मुरगळला होता, थंडीत कधीमधी चमक भरते. ती माणसं आली, दाराशी बसली, पोहे खाऊन गेली आणि पसंत आहे म्हणून निरोप धाडला. जयवंताबाईनं गल्लीत साखर वाटायची तेवढी बाकी ठेवली.

याच दिवसांत दुसरीकडून नोकरीचंही जुळत आलं होतं. शेजारच्या क्वार्टरमधले भैयाजी वीज केंद्राच्या स्टोअरमध्ये होते. युनियनचं काम करायचे, आणि पेपरातली सरकारी बातमी त्यांच्या नजरेतून कधी निसटायची नाही. त्यांनी एक दिवस 'जयभीम' करून खुर्ची ओढली आणि धोंडबाला समजावून सांगितलं, की दिल्लीच्या सरकारनं दहा वर्षांपूर्वीच हुकूम काढलेला आहे. केंद्र सरकारच्या ऑफिसांत खालच्या जागांपैकी शंभरात तीन अपंगांच्या. एक आंधळ्यांची, एक बहिऱ्यांची, एक हातापायानं अधू असलेल्यांची. त्यांच्यासाठी रोजगार कार्यालयही वेगळं आहे.

"दहा वर्स झाले, अन् आपल्याले पत्ता नाही," धोंडबा म्हणाला.

"दिल्लीहून कोराडीले याले टाइम लागते गा," भैयाजी म्हणाले. "नाव टाका पोरीचं. ही काही खैरात नाही. हक्क आहे. हक्क मागाले लाज कायची?"

नाव टाकलं. बोलावणं आलं. प्रेमिला टायपिंग शिकलेली होती, हाताला मोठी चलाख. शहरात, सिव्हिल लाइन्समधल्या केंद्र सरकारच्या एका ऑफिसात तिनं परीक्षा दिली, मुलाखत दिली आणि पास झाली. आता एकच गोष्ट राहिली होती. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांचं बोर्ड बसायचं. त्यांनी पाय तपासून किमान चाळीस टक्के अपंगत्व आहे असं लिहून दिलं, की नेमणूक. नाही दिलं, तर ती जागा दुसऱ्याची.

"एक दाखला जातीचा काढला, आता एक पायाचा काढा," धोंडबा म्हणाला आणि हसला. जयवंताबाईला काही हसू आलं नाही.

सुभद्राबाईला कळलं तेव्हा ती सावनेरहून पहिल्या गाडीनं आली. "बुद्धी फिरली का तुमची? मी तिकडं सांगून राहिली पाय मुरगळला होता म्हणून, अन् तुम्ही पोरीच्या लंगडेपणावर सरकारचा शिक्का मारून घेता? असा दाखला दाबून राहते का कोठी? उद्या ऑफिसात जाईन, त लोक विचारतीनच ना, कोणत्या कोट्यातून आली म्हणून!"

जयवंताबाईला नोकरीही पाहिजे होती आणि लग्नही पाहिजे होतं. दोन्ही कसं मिळणार, याचा तिनं विचारच केला नाही. मिळेल, असं धरून ती कामाला लागली.

बोर्डाच्या दिवशी सकाळी तिनं पोरीला तयार केलं. आणि इथंच सगळं चुकलं, पण ते त्या वेळी कोणाच्या ध्यानात आलं नाही. चार परकी माणसं पोरीला पाहणार आहेत म्हटल्यावर तिला कसं तयार करायचं, हे जयवंताबाईच्या हातांना इतकं पाठ झालं होतं, की डोक्याला विचारायची त्यांना गरज पडली नाही. ठेवणीतली साडी, जमिनीला टेकणारी. दाट निऱ्या. चपलेत नमदा. वेणीत अबोलीचा गजरा. प्रेमिलाही मुकाट्यानं उभी राहून नेसवून घेत होती. धोंडबाची पहिली पाळी होती, म्हणून मायलेकीच बसनं शहरात आल्या.

दवाखान्याच्या व्हरांड्यात ही गर्दी. कुबड्यावाले, काठीवाले, बापाच्या पाठीवर बसून आलेली मुलं. त्यांच्यात गजरा माळून आलेली ही एकटीच. नाव पुकारलं तशी प्रेमिला आत गेली आणि जयवंताबाई अर्धवट लोटलेल्या दाराशी उभी राहिली. आत लांब टेबलामागं तीन डॉक्टर ओळीनं बसले होते. मधला मान वर न करता म्हणाला, "चालून दाखवा."

झालं! प्रेमिलाची पाठ ताठ झाली. डावा हात निऱ्यांत गेला. दाराच्या फटीतून जयवंताबाईच्या तोंडून, सवयीनं, निघून गेलं, "सरळ." पोरगी भिंतीपर्यंत गेली, वळली, परत आली. एवढी लांब ती तशी कधीच चालली नव्हती, आणि इतकी छानही कधी चालली नव्हती. कमरेत हिसका नाही, पाऊल चुकलं नाही. जयवंताबाईचा ऊर भरून आला. शेजारच्या बाकावरच्या बाईला ती म्हणालीसुद्धा, "माही पोरगी आहे."

"साडी जरा वर घ्या," डॉक्टर म्हणाला. खोलीत एकही बाई नव्हती. प्रेमिलानं साडी घोट्यापर्यंत उचलली आणि तिथंच थांबली. कडेचा तरुण डॉक्टर बिचारा खिडकीबाहेर पाहायला लागला. बाहेर रांग होती, जेवायची वेळ होत आली होती. मधल्यानं काहीतरी लिहिलं, शिक्का मारला आणि पुढचं नाव पुकारलं.

तो कागद संध्याकाळी भैयाजींनी वाचला. एकदा वाचला, चष्मा पुसून परत वाचला. "तीस टक्के? वहिनी, हे काय करून आल्या?"

"काय झालं?"

"लिवलं आहे, चाल जवळजवळ निरोगी माणसासारखी."

जयवंताबाईचा चेहरा खुलला. "मंग चांगलंच लिवलं ना!"

धोंडबानं बायकोकडं पाहिलं, मग पोरीकडं, मग तो खाटेवर जाऊन भिंतीकडं तोंड करून बसला. जयवंताबाईला हळूहळू उमगलं. पोळी तव्यावर होती, ती जळाली तरी तिनं उलटली नाही.

मुक्कामाला राहिलेल्या सुभद्राबाईला मात्र फार आनंद झाला. "बरं झालं बाई. सुंठीवाचून खोकला गेला!" असं ती दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणणार होती, पण प्रेमिला मध्येच उठली. ती मोठ्यानं बोलणारी पोरगी नव्हती, आणि तेव्हाही मोठ्यानं बोलली नाही.

"आई," ती म्हणाली, "त्या ऑफिसातल्या साहेबानं मले इचारलं होतं, दुसऱ्या मजल्यावर चढता येईन का, नाही त खालच्या खोलीत टेबल देऊ. पायासकट घ्याले तयार आहे ते. सरकार तयार आहे. घरातच कोणी तयार नाही."

जयवंताबाईला ते असं काही लागलं, की ती रात्रभर कूस बदलत राहिली. राग पोरीचा आला, नणंदेचा आला, डॉक्टरचा आला. स्वतःवर यायचा होता, तो सगळ्यांत शेवटी आला आणि मग गेलाच नाही.

अपील करता येतं, असं भैयाजींनी शोधून काढलं. दुसरं बोर्ड, दुसरे डॉक्टर. तारीख मिळाली दीड महिन्यानंतरची. तोवर ऑफिसनं जागा राखून ठेवायचं कबूल केलं, पण बजावलं, की याच्यापुढं नाही. सावनेरवाल्यांना सुभद्राबाईनं 'पौष आहे, पुढं पाहू' असं सांगून थोपवलं. आपण बौद्ध, आपल्याला कसला पौष, हे तिकडच्यांनीही विचारलं नाही, म्हणजे त्यांनाही थोडं थांबायचं असावं.

आणि मग त्या घरात जे सुरू झालं ते पाहून हसावं की रडावं कळत नव्हतं. पोरीला लंगडायला शिकवायचं! मागच्या अंगणात भैयाजी खुर्ची टाकून डॉक्टर व्हायचे. "हं, चालून दाखवा," ते म्हणायचे, आणि प्रेमिला सरळ चालायची. "अवो, तशी नाही! नेहमी कशी चालते, तशी चाल." पण नेहमी कशी चालते, हे तिला कोणी पाहत असताना आठवायचंच नाही. एकटी असली, मोरीकडं निघाली, की ती आपल्या चालीनं जायची, हात मांडीवर, खांदा खाली-वर. कोणाची नजर पडली की अंग आपोआप ताठ व्हायचं. मग ती मुद्दाम लंगडायला लागली. ते तर भलतंच दिसायचं. तमाशातल्या सोंगाड्यासारखी एकदा या बाजूला झुकायची, एकदा त्या. धोंडबानं पाहिलं आणि आत निघून गेला. "जमून जाईन," भैयाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात दम नव्हता.

दुसऱ्या बोर्डाच्या दिवशी जयवंताबाईनं साधी, धुवट साडी काढली. गजरा नाही. तेवढं तिला कळलं होतं. प्रमुख डॉक्टर या वेळी वयस्कर होते, पांढऱ्या केसांचे, चेहऱ्यावर कंटाळा नव्हता पण विश्वासही नव्हता. शेजारी एक तरुण डॉक्टर, तिसरा लिहायला बसलेला. जुना कागद त्यांच्यापुढं होता.

प्रेमिला चालली. जयवंताबाई दारात होती, आणि पोरीचं पहिलं पाऊल पडताच तिला कळून चुकलं. सोंग! शुद्ध सोंग दिसत होतं ते. एवढी झुकली, की टेबलाला हात लागला.

"थांबा," म्हातारे डॉक्टर म्हणाले. "बरोबर कोण आहे? आत या."

जयवंताबाई आत गेली.

"तुम्ही आई? बाई, दीड महिन्यापूर्वी तीन डॉक्टरांनी हिची चाल पाहिली. चांगली होती. आज ही अशी चालते. दीड महिन्यात काय झालं?" ते रागावले नव्हते, म्हणून ते जास्तच लागत होतं. "रोज येतात हो अशी माणसं. कोणी कुबडी मागून आणतं, कोणी बँडेज बांधतं. सरकारनं ज्यांच्यासाठी जागा ठेवल्या, ते बाहेर फरशीवर बसलेत. त्यांची जागा अशी घेऊ नये. मुलीला नाटक शिकवून आणलंत."

प्रेमिला मान खाली घालून उभी होती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आपली पोरगी, जिनं आजवर कोणाची पेन्सिलसुद्धा घेतली नाही, ती चोर ठरून उभी आहे, हे जयवंताबाईनं पाहिलं. नोकरी गेली, हेही तिला दिसलं. म्हातारे डॉक्टर पेन उघडत होते.

"शिकवलं, साहेब," ती म्हणाली. "मीच शिकवलं. पण हे नाही. ते."

"ते म्हणजे?"

"ते सरळ चालणं."

डॉक्टरांना काही कळलं नाही. समजावून सांगायला जयवंताबाईजवळ शब्द नव्हते आणि धीरही नव्हता. ती पोरीपुढं खाली बसली. प्रेमिलाच्या निऱ्या तिनं दोन्ही हातांनी धरल्या, गुडघ्याच्या वर नेल्या आणि कमरेला खोचून टाकल्या.

"आई, नोको! आई!"

लग्नाचा विषय निघाल्यापासून तो पाय बाहेरच्या कुठल्याही माणसानं पाहिला नव्हता. गल्लीतल्या बायकांनीही नाही. उजव्या पायाच्या अर्ध्यानं बारीक, पोटरी नावालाच, गुडघ्याची वाटी तेवढी मोठी. मांडीवर मधोमध एक काळसर घट्टा पडला होता, वर्षानुवर्षं हात दाबून दाबून. तो घट्टा जयवंताबाईलाही असा उजेडात कधी दिसला नव्हता. तेल चोळताना बोटांना लागायचा, तेवढाच.

तिनं पोरीचं डावं मनगट धरलं आणि तो हात मांडीवरून काढून आपल्या मुठीत ठेवला.

"आता चाल," ती म्हणाली.

प्रेमिलानं आईकडं पाहिलं. त्या नजरेत इतकी भीती होती, की दुसरी कोणी असती तर तिनं हात सोडला असता. मग प्रेमिलानं उजवा पाय उचलला. अंगाचा भार डाव्यावर आला, गुडघ्याची घडी पडली, मनगट आईच्या मुठीतून सुटलं आणि ती एका कुशीवर कोसळली. कोपर टेबलाच्या पायावर आदळल्याचा आवाज साऱ्या खोलीत झाला.

तरुण डॉक्टर खुर्ची मागं टाकून धावला.

"उचलू नोका!" जयवंताबाई ओरडली. ती कोणावर इतक्या जोरानं ओरडेल असं तिला स्वतःलाही वाटलं नव्हतं. "कोणी उचलू नोका. तिची तिलेच उठू द्या. कशी उठते ते पाहा, अन् मंग लिवा काय लिवायचं ते."

आणि तीही उभी राहिली, हात पाठीमागं बांधून. घरात पोरगी पडली की ती धावत जायची. पहिल्यापासून तीच उचलायची. त्यामुळं पोरगी आपली आपण कशी उठते, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. ते तिनं आता पाहिलं. प्रेमिला पालथी झाली. दोन्ही तळवे फरशीवर टेकले. उजवा गुडघा पोटाखाली घेतला. डावा पाय मागं तसाच ओढत होता. मग ढुंगण वर, हात जमिनीवर, मग एक हात घोट्यावर, तिथून पोटरीवर, गुडघ्यावर, मांडीवर, असा आपल्याच अंगावर चढत चढत तो हात वर आला आणि पोरगी उभी राहिली. केस सुटले होते. कोपरातून रक्त येत होतं. तिनं डोळे पुसले नाहीत, कारण एक हात मांडीवर होता आणि दुसऱ्यानं टेबलाची कड धरली होती.

लिहिणारा डॉक्टर लिहायचं विसरला होता. म्हातारे डॉक्टर टेबलाला वळसा घालून आले. त्यांनी खिशातून टेप काढून दोन्ही मांड्या मोजल्या, गुडघ्यावर ठोकून पाहिलं, टाच दाबायला सांगितली. हे सगळं त्यांनी हळू केलं आणि झाल्यावर प्रेमिलाला स्वतः खुर्ची दिली.

"हिला कॅलिपर नाही दिलं कोणी?"

"होतं," जयवंताबाई म्हणाली. "मी काढून ठेवलं."

"का?"

"पाहाले येत होते, साहेब. लोकं."

ते जागेवर जाऊन बसले, आधीचा कागद बाजूला सारला आणि नवा घेतला. 'पासष्ट,' त्यांनी लिहिणाऱ्याला सांगितलं. 'कायमचं.' मग तरुण डॉक्टरला म्हणाले, की आधी त्या मुलीच्या कोपराला पट्टी लावा.

बाहेर व्हरांड्यात त्या दोघी बाकावर बसल्या.

"हात काढला तवा सांगाचं त होतं," प्रेमिला म्हणाली.

"सांगतलं असतं, त तू पडली नसती."

प्रेमिलाला एकदम हसू फुटलं आणि त्या हसण्यातच रडू आलं. जयवंताबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला स्वतःला रडू येत नव्हतं. आत काहीतरी मोकळं झालं होतं आणि त्याच जागी दुखतही होतं.

"तुह्या आत्याच्या आधी सावनेरले मीच कळवतो," ती म्हणाली.

"काय कळवशीन?"

"पासष्ट."

"अन् त्याईनं नाही म्हटलं तर?"

"त नाही म्हणतीन."

व्हरांड्याच्या पायऱ्या उंच होत्या आणि खाली रांग थेट फाटकापर्यंत गेली होती. सारे वर पाहत होते, त्यांना दुसरं काम काय! जयवंताबाई उठली आणि पोरीच्या डाव्या बाजूला जाऊन तिला पदरानं झाकून उभी राहिली.

"सरक, आई," प्रेमिला म्हणाली. "पाहू दे लोकाईले."

तिनं साडीवरून, सगळ्यांसमोर, हात मांडीवर ठेवला. खांदा झुकला, कमरेला हिसका बसला, एक पायरी झाली. मग दुसरी. कोणी पाहिलं, कोणी पाहून नजर वळवली, एक लहान पोर तर तोंड उघडं टाकून पाहतच राहिलं. प्रेमिला थांबली नाही. शेवटच्या पायरीवर पोचून तिनं दम घेतला, कागद ब्लाउजमध्ये खोचला आणि बसथांब्याच्या दिशेनं चालू लागली. जयवंताबाई वरच उभी होती. पोरगी फाटकापर्यंत पोचलेली दिसली, तेव्हा तीही उतरायला लागली.